पाळावयास शिकवा: पाळकांना आणि वडीलजनांना खुलं पत्र

मंडळ्यांचे पाळक, उपदेशक आणि वडीलजन यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

मी बावीस वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात, शिकवते आहे आणि त्याहून अधिक वर्षं एका कचेरीत कारकुनी करते आहे. उपदेश करायची माझ्यावर कधी वेळ आली नाही. मी बाकावर बसून ऐकणाऱ्यांतली. त्या ऐकण्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. मनात बरेच दिवस साठलं आहे, आणि ते एकट्या आमच्या पाळकांच्या कानावर घालून भागण्यासारखं नाही.

एका रविवारी आमच्याकडे अब्राहाम आणि इसहाक यांच्यावर उपदेश झाला. देवाने अब्राहामाला त्याचा मुलगा इसहाक होमात अर्पण करायला सांगितलं, ती गोष्ट. मोरिया देशातला डोंगर, तीन दिवसांची वाट, मुलाच्या पाठीवर होमाची लाकडं, आणि होमासाठी कोकरू कुठे आहे, हा त्याने बापाला केलेला प्रश्न. मी रडले. शेवटी सगळे उभे राहिलो आणि 'प्रभू, तू मागशील ते देईन' अशी प्रार्थना केली. ती मी मनापासून केली होती.

सोमवारी दुपारी साहेबांनी माझ्या टेबलावर एक पत्र ठेवलं. कोणा एका माणसाचा अर्ज नामंजूर झाल्याचं ते पत्र होतं. निर्णय आधीच झाला होता, पत्र मात्र आमच्याकडून बारा दिवस उशिरा निघत होतं. 'मागची तारीख टाका,' साहेब म्हणाले. तारखेचा शिक्का तुम्ही पाहिला असेल. त्याला रबरी आकड्यांची छोटी चाकं असतात, ती अंगठ्याने फिरवायची. मी चाक मागे फिरवलं, शिक्का शाईच्या गादीवर टेकवला आणि पत्रावर उठवला. अंगठ्याला शाई लागली ती रुमालाला पुसली. मिनिटभरसुद्धा लागलं नसेल. कचेरीची दिरंगाई कागदावर दिसेनाशी झाली. पण अपिलाची मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजतात. त्या अनोळखी माणसाच्या मुदतीतले बारा दिवस मी अंगठ्याने पुसून टाकले होते.

त्या वेळी मला काहीच बोचलं नाही. आदल्याच दिवशी देवाला सगळं द्यायला निघालेल्या मला शिक्क्याचं चाक फिरवताना देव आठवला नाही. देवाची आज्ञा म्हणजे डोंगरावरचं काहीतरी, आयुष्यात एखाद्या वेळी येणारं, सगळ्यांना दिसणारं, असं माझ्या मनात बसलं होतं. ते कसं बसलं याचा माग काढत मी तुमच्यापर्यंत आले. सगळा दोष तुमचा आहे असं मी म्हणत नाही. आम्हांलाही डोंगरावरचेच उपदेश आवडतात.

आपल्या मराठीत 'ऐकणं' या शब्दाची एक गंमत नव्हे, एक ताकद आहे. 'हा पोरगा माझं ऐकत नाही' असं आई म्हणते, तेव्हा पोराच्या कानांत दोष नसतो. जुन्या कराराच्या हिब्रूतलं 'शमा' हे क्रियापद अगदी असंच आहे. 'हे इस्राएला, ऐक' या, जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातल्या हाकेत कानांनी ऐकणं आणि त्याप्रमाणे वागणं एकाच शब्दात आहे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये आज्ञा पाळण्यासाठी जो शब्द येतो तो 'हुपाकुओ', आणि त्याच्या पोटात 'आकुओ' म्हणजे ऐकणं हाच शब्द आहे. शास्त्राच्या दोन मुख्य भाषांनी आणि आपल्या भाषेनेही जे जोडून ठेवलं, ते आमच्या आठवड्यात तुटलं आहे. रविवारी ऐकायचं, आणि पाळायचं म्हटलं की आम्ही म्हणतो, पाहू, देव मार्ग दाखवील.

डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी येशूने दोन घरांचा दाखला दिला. एक खडकावर, एक वाळूवर. लहानपणापासून मला वाटायचं, खडकवाला विश्वासणारा आणि वाळूवाला वचन न ऐकणारा. मुलांना शिकवण्यासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ७वा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला तेव्हा कुठे लक्षात आलं, की दोघंही ऐकणारे आहेत. दोघांनी तीच वचनं ऐकली. पाऊस, पूर आणि वारा दोघांच्याही घरांवर आला. फरक एवढाच, की एकाने त्याप्रमाणे केलं. म्हणजे वाळूवर घर बांधणारा माझ्याच बाकावर, कदाचित माझ्याच जागेवर बसलेला असतो.

जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचा १९वा अध्याय कधी सलग वाचून दाखवाल का? 'पवित्र असा, कारण मी परमेश्वर तुमचा देव पवित्र आहे' असं म्हणून अध्याय सुरू होतो. आता धूप, वेदी, उपास असं काही येईल असं वाटतं. पुढच्याच वचनात येतात आईबाप, आणि तिथे आईचं नाव आधी आहे. मग थोडं पुढे, शेताच्या कडा गरिबांसाठी सोडायच्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही. बहिऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत, कारण त्याला त्या ऐकू येत नाहीत. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवायचा नाही, कारण तो कोणी ठेवला हे त्याला कळणार नाही. चहाड्या करायच्या नाहीत. म्हाताऱ्या माणसासमोर उठून उभं राहायचं. तराजू आणि मापं खरी ठेवायची. मधेच 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा आहे, जी येशूने पुढे दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली. आणि पुन्हा पुन्हा, जणू प्रत्येक मापावर आणि मजुरीवर शिक्का उठवावा तसं, 'मी परमेश्वर आहे'.

बहिऱ्याची आणि आंधळ्याची ती आज्ञा मला फार जवळून लागली. माझा अर्जदार त्या दिवशी बहिराही होता आणि आंधळाही. चाक फिरलं ते त्याला ना ऐकू आलं, ना दिसलं.

अनुवाद २२ मध्ये तर नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा कर, अशी आज्ञा आहे. कोणी वरून पडलं तर रक्तपाताचा दोष तुझ्या घराला लागू नये म्हणून. घराची गच्ची हा देवाच्या आज्ञेचा विषय असू शकतो, हे आम्हांला कुणी का सांगितलं नाही?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले. लूक ३ मध्ये ते एकच प्रश्न तीनदा विचारतात, 'आम्ही काय करावं?' तो इतका कडक संदेष्टा, वाळवंटात राहणारा, त्यांना सापाची पिल्लं म्हणणारा. वाटतं, तो सांगेल की सगळं सोडा आणि माझ्यामागे रानात या. त्याने जमावाला सांगितलं, दोन अंगरखे असतील तर ज्याच्याकडे नाही त्याला एक द्या, आणि अन्नाचंही तसंच करा. जकातदारांना सांगितलं, ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगितलं, दांडगाई करून कोणाकडून पैसे उकळू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात तृप्त राहा. नाका सोडा, शिपाईगिरी सोडा असं तो म्हणाला नाही. ज्याचा हात रोज जिथे चालतो, तिथेच त्याने बोट ठेवलं. मला असा उपदेश हवा आहे. कारकुनाला शिक्क्याबद्दल, शिक्षकाला हजेरीपटाबद्दल, घर चालवणाऱ्याला हाताखालच्या माणसाशी बोलायच्या सुराबद्दल.

लोकांकडून अन्यायाने पैसे घेणाऱ्या जक्कय या जकातदाराची गोष्ट आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो, आणि खरं सांगायचं तर आम्ही त्यांना उंबराचं झाडच शिकवतो. बुटका माणूस, गर्दी, चढणं, येशूने वर पाहून मारलेली हाक. मुलांना चित्र रंगवायला देतो त्यातही झाडच असतं. पैसे परत करण्याचं वाक्य घंटा व्हायच्या आधीच्या शेवटच्या मिनिटात उरकतं. शिक्क्याच्या घटनेनंतर तीनेक आठवड्यांनी हा पाठ माझ्या वाट्याला आला. तयारी करताना मी नियमशास्त्र उघडलं. लेवीय ६ प्रमाणे फसवून घेतलेलं परत करताना मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असतो. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चौपट, हे निर्गम २२ मध्ये आहे. जक्कयाने स्वतःला पहिला, सोपा नियम लावला नाही. चोराचा लावला. जेवायला आलेल्या पाहुण्यासमोर उभा राहून तो म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. आणि येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. पाय कापत होते. म्हणाले, ते पत्र खऱ्या तारखेने पुन्हा पाठवायला हवं. पुढे जे झालं त्यात सांगण्यासारखं फार नाही. साहेब चिडले, मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, मी खरं ते लिहून दिलं. सुधारित पत्र गेलं. त्या माणसाने अपील केलं की नाही, मला माहीत नाही. कुठलाही चमत्कार झाला नाही, कोणी शाबासकी दिली नाही, आणि साहेब माझ्याशी पूर्वीसारखे बोलायला कित्येक महिने गेले. ही साक्ष मी मंडळीत कधी दिली नाही. आमच्याकडे साक्षी असतात त्या बरं झाल्याच्या, नोकरी लागल्याच्या, अडलेलं काम सुटल्याच्या. देवाचे आभार मानावेत अशाच त्या असतात. पण 'मी खोटी तारीख टाकली होती, ती दुरुस्त केली आणि मला नोटीस मिळाली' असं उभं राहून सांगायला आमच्यात जागा नाही. सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते घरोघर पोचेल, ही भीतीही खरी आहे. ती जागा तुम्ही करून द्याल का? वडीलजनांपैकी कोणी आधी स्वतःचं सांगितलं, तर आमच्या जिभा सुटतील.

नामानाची आठवण या संदर्भात नेहमी येते. अरामाचा सेनापती, अंगावर कोड, बरोबर चांदी, सोनं आणि दहा पोशाख. तो बरा व्हायला अलीशा संदेष्ट्याकडे आला. अलीशा दाराबाहेरसुद्धा आला नाही, निरोप्याकरवी सांगितलं, यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. नामान संतापला. आमच्या दिमिष्कातल्या नद्या काय वाईट आहेत, म्हणाला. तेव्हा त्याच्या चाकरांनी त्याला समजावलं, की संदेष्ट्याने एखादी मोठी गोष्ट सांगितली असती तर तुम्ही केली नसती का? मला त्या चाकरांची नावं माहीत असायला हवी होती असं फार वाटतं. त्यांनी आम्हां सगळ्यांचं मन ओळखलं होतं. मोठ्या आज्ञेला आम्ही तयार असतो, कारण ती पाळताना आमचंही थोडं मोठेपण वाढतं. नदीत सात वेळा बुडी मारण्यात मोठेपण नसतं.

मला माहीत आहे, तुमच्यापैकी काहीजण इथे थांबून म्हणतील, ताई, हे कर्मांकडे चाललं आहे, तारण तर कृपेने आहे. कृपेनेच आहे. मी त्याच कृपेवर जगते, नाहीतर ती शिक्क्याची दुपार मला पुरी पडली असती. पण दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेने होत नाही, हे आपण विसरतो. निर्गम २० मध्ये आधी येतं, 'ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं तो मी परमेश्वर तुझा देव आहे', आणि मग पहिली आज्ञा. समुद्र ओलांडून सुटका झाल्यावर आज्ञांचा सीनाय डोंगर आला. इफिसकरांस पत्रात पौल कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झालं असं म्हणतो, आणि एका वचनाच्या अंतरावर लिहितो, की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी 'हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे' ही वाणी झाली, तेव्हा लूकच्या सांगण्याप्रमाणे तो सुमारे तीस वर्षांचा होता. एकही रोगी बरा झाला नव्हता, एकही उपदेश झालेला लिहिलेला नाही. त्या तीस वर्षांबद्दल जे थोडं कळतं त्यात एवढं आहे, की तो आईबापांच्या आज्ञेत राहिला आणि सुतारकाम करत होता. पिता त्या वर्षांवर संतुष्ट होता. मला याने फार धीर येतो. आपण आज्ञा पाळून लेकरं होत नाही. लेकरं आहोत म्हणून बापाचं ऐकतो, आणि चुकलो तर बापाच्याच घरी परत येतो. कृपेच्या उपदेशाला आज्ञापालन जोडलंत तर तुमच्या उपदेशातली कृपा कमी होणार नाही. आम्हांला तिचा उपयोग तरी कळेल.

आता थोडं अवघड बोलते, आणि ते वडीलजनांसाठी आहे.

मार्क ७ मध्ये येशू परूशी आणि शास्त्री यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, विचारतो त्याचा आशय असा: आईबापांना ज्याने मदत व्हायची ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण झालेलं आहे, असं एखाद्याने म्हटलं की तुम्ही त्याला आईबापांसाठी काहीही करू देत नाही. देवाच्या नावाने देवाची आज्ञा रद्द. मी हे वचन अनेकदा ऐकलं होतं आणि दरवेळी परूशांची कीव केली होती. माझी आई दोन वर्षांपासून अंथरुणावर आहे. त्यातलं पहिलं वर्ष मी बुधवारची प्रार्थनासभा, शुक्रवारची गीतांची तालीम आणि शनिवारची शब्बाथशाळेची तयारी यांतलं काहीही चुकवलं नाही. शेजारची मुलगी तासभर येऊन बसायची. वर्षाच्या शेवटच्या सभेत माझं नाव घेतलं गेलं, सेवेत खंड पडू न दिल्याबद्दल. टाळ्या झाल्या. घरी आले तेव्हा आईची चादर ओली होती आणि मुलगी केव्हाच गेली होती. आई काही बोलली नाही. फक्त हात पुढे केला, मला वाटलं पाणी हवंय, तर तिने माझा हात धरला आणि डोळे मिटले.

तुम्हांला ठाऊक नव्हतं, हे मी जाणते. पण कोणी विचारलंही नाही. जो दर सभेला येतो तो विश्वासू, हे माप आपण वापरतो, आणि लेवीय १९ मापं खरी ठेवा असं सांगतो. कृपा करून हे माप तपासा. ज्या घरातला एक माणूस कायम मंडळीत असतो, त्या घरी एकदा जाऊन या.

आणि मंडळी स्वतः काय पाळते? अनुवाद २४ मध्ये मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलं आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्यावर लागलेलं असतं. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब तर म्हणतो, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. आवार झाडणाऱ्या माणसाला त्याचे पैसे वेळेवर मिळाले का, हे कमिटीच्या सभेत पहिल्यांदा विचारलं जावं असं मला वाटतं, इमारतीच्या रंगाच्या आधी. जिन्याला कठडा आहे का, तेही.

येशूने स्वर्गात जाण्यापूर्वी शिष्यांना जे सांगितलं, ते तुमच्या सेवेचं मूळ आहे. मत्तयाचं शेवटचं वचन आपण सुवार्तेच्या संदर्भात वाचतो, पण तिथे शब्द नीट पाहा: 'जे काही मी तुम्हांला आज्ञापिले ते सर्व त्यांस पाळावयास शिकवा'. 'सर्व शिकवा' एवढंच असतं तर उपदेशाने काम भागलं असतं. पाळायला शिकवणं वेगळं. ते पोहायला शिकवण्यासारखं आहे, शिकवणाऱ्याला पाण्यात यावं लागतं. उपदेशाच्या शेवटी या आठवड्यात करायची एखादी गोष्ट सांगा, अगदी लहान चालेल. आणि पुढच्या रविवारी विचारा, काय झालं? कोणाला जमलं नाही? कशामुळे? आम्ही अडखळू, काहीजण नाराजही होतील, पण विचारा.

ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा माणूस सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या संन्यासी पंथाच्या मठात होता. आधी शिपाई, पायाला जखम झालेला. मठात त्याला स्वयंपाकघर दिलं, ज्या कामाची त्याला मुळात नावड होती. अनेक वर्षं त्याने तिथे भांडी सांभाळली, पुढे चपला दुरुस्त केल्या, आणि १६९१ मध्ये तो वारला. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्याच्यासाठी वेगळी राहिली नव्हती. आईची चादर बदलताना मला त्याची आठवण येते. रात्री दोनला दिवा लावायचा, तिला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर गुंडाळत पाठीखाली सरकवायची, नवी त्याला लागून पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. तिची पाठ पुसताना कधी प्रार्थना सुचते, कधी नुसती झोप येत असते. दोन्ही वेळा चादर बदलायची असते.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. शब्बाथशाळा मी सोडत नाही, पुढच्या रविवारी जक्कय आहे आणि यंदा मी पैसे परत करण्यापासून सुरुवात करणार आहे. बुधवारच्या सभेला मात्र यापुढे मला धरू नका. सात वाजता आईची कूस बदलायची वेळ असते. तुमच्यापैकी कोणाला जमत असेल तर त्या वेळी घरी या. तिला जुनी गीतं अजून पाठ आहेत.

ख्रिस्तात आपली,
शब्बाथशाळेची एक शिक्षिका